वायरमॉक, डॉकर आणि एन्‌ग्रोक: पेमेंट एपीआयच्या स्थानिक चाचणीचे आठ महिने

जूनमध्ये, प्रवेशाच्या ऐन गर्दीत, एका पालकाच्या खात्यातून फी एकदाच वजा झाली, पण आमच्या प्रणालीने तिच्या दोन पावत्या काढल्या. पेमेंट गेटवेकडून, म्हणजे पैसे स्वीकारणाऱ्या सेवेकडून, त्या व्यवहाराचा वेबहूक (व्यवहार झाल्याचे आपणहून कळवणारा संदेश) दोनदा आला होता. तसा तो येऊ शकतो हे गेटवेच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेले असूनही आम्ही तो प्रसंग कधी घडवून पाहिला नव्हता, कारण तोवर आमच्या सगळ्या चाचण्या सँडबॉक्सवर, म्हणजे गेटवेनेच दिलेल्या चाचणी-आवृत्तीवर, होत असत आणि सँडबॉक्सकडून हवी ती चूक हव्या त्या वेळी करून घेता येत नाही. शाळा-महाविद्यालयांच्या फी-भरण्याचे काम करणाऱ्या आमच्या कोल्हापुरातल्या चौघांच्या गटाने त्यानंतर प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पूर्णपणे चालू शकेल अशी चाचणी-व्यवस्था उभी केली. तिचा आठ महिन्यांचा अनुभव येथे मांडत आहे.

मांडणी साधी आहे. अनेक प्रोग्रॅम एकत्र चालवणाऱ्या डॉकर कंपोझच्या एकाच फाइलमध्ये आमचे पायथनमधले अ‍ॅप, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि वायरमॉक असे तीन कंटेनर (प्रत्येक प्रोग्रॅमची स्वतंत्र बंदिस्त जागा) आहेत, आणि गेटवेचा पत्ता कोडमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंगमधून, घेतला जातो, त्यामुळे अ‍ॅपला खरा गेटवे आणि वायरमॉक यांतला फरक कळत नाही. पहिल्या दिवशी आमचा वेळ गेला तो ‘लोकलहोस्ट’ या शब्दापायी: कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच, त्यामुळे वायरमॉकपर्यंत पोहोचायला कंपोझ फाइलमधले सर्व्हिसचे नाव वापरावे लागते.

वायरमॉक हा मुक्तस्रोत मॉक सर्व्हर आहे, म्हणजे खऱ्या सेवेची नक्कल करून उत्तरे देणारा. कोणत्या विनंतीला कोणते उत्तर द्यायचे हे जेसन फाइलमध्ये (जेसन म्हणजे माहिती मजकुरात मांडण्याची एक ठरलेली पद्धत) लिहून ठेवायचे, एवढेच मुळात त्याचे काम. मात्र त्याची खरी किंमत कळते ती बिघाड मुद्दाम घडवताना. यूपीआयचा व्यवहार कधी कधी काही काळ प्रलंबित राहतो आणि नंतर यशस्वी होतो. वायरमॉकमधल्या सिनॅरिओच्या सोयीमुळे पहिल्या दोन चौकशांना ‘प्रलंबित’ आणि तिसरीला ‘यशस्वी’ असे उत्तर देता येते. उत्तर ठरावीक मिलिसेकंद उशिरा देता येते, जोडणी मध्येच तोडता येते, रिकामे उत्तरही पाठवता येते. आम्ही उत्तराला दोन मिनिटांचा उशीर लावला तेव्हा आमचे अ‍ॅप पूर्ण दोन मिनिटे मुकाट्याने थांबून राहिले. पायथनच्या रिक्वेस्ट्‌स लायब्ररीत आपण स्वतः टाइमआउट, म्हणजे थांबण्याची कमाल मुदत, दिला नाही, तर ती कितीही वेळ वाट पाहते. एका ओळीची ही दुरुस्ती होती, पण ती प्रवेशाच्या गर्दीत करावी लागली असती तर काय झाले असते याचा विचारही नको वाटतो.

वेबहूकच्या सहीवर मात्र आमचे बरेच दिवस खर्ची पडले. गेटवे मजकुरावरून, गुप्त किल्ली वापरून, एचमॅक-शा-२५६ पद्धतीने सही काढतो आणि ती हेडरमध्ये पाठवतो. आपण तीच सही पुन्हा काढून ताडून पाहायची असते. आमचा कोड आलेला जेसन आधी उलगडत असे, मग तो पुन्हा मजकुरात बदलून त्यावर सही काढत असे, आणि ती कधीच जुळत नसे. दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर कारण दिसले: पायथन जेसन लिहिताना स्वल्पविराम आणि अपूर्णविराम यांच्यानंतर एक जागा सोडतो आणि विद्यार्थ्याचे देवनागरीतले नाव युनिकोडच्या सांकेतिक आकड्यांत बदलतो. अर्थ तोच, पण बाइट वेगळे. सही आलेल्या मूळ बाइटवरच काढायला हवी. आता आमची एक छोटी स्क्रिप्ट खरी सही, चुकीची सही, तोच वेबहूक दोनदा आणि उलट्या क्रमाने आलेले वेबहूक असे चारही प्रकार अ‍ॅपकडे पाठवते. पावतीच्या तक्त्यात व्यवहार क्रमांकावर युनिक बंधन (तोच क्रमांक दोनदा नोंदवू न देणारे) असल्याने दुसरी पावती निघूच शकत नाही.

सँडबॉक्सचा खरा वेबहूक लॅपटॉपवर हवा असतो तेव्हा एन्‌ग्रोकचा बोगदा उघडतो, म्हणजे इंटरनेटवरून थेट लॅपटॉपपर्यंत येणारा तात्पुरता मार्ग. त्याच्या ४०४० पोर्टवरच्या पानावर आलेली प्रत्येक विनंती जशीच्या तशी दिसते आणि एका बटणावर ती पुन्हा पाठवता येते. काम संपले की बोगदा बंद करणे आम्ही सक्तीचे केले आहे, कारण तो उघडा असेपर्यंत लॅपटॉपवरचे अ‍ॅप जगाला खुले असते.

अनपेक्षित लाभ झाला तो तारखांच्या बाबतीत. आमच्या कंटेनरमधले घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालते, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. १ एप्रिलच्या रात्री १२ वाजून ४० मिनिटांचा व्यवहार आम्ही वायरमॉकमधून देऊन पाहिला, तर पावतीवर ३१ मार्च ही तारीख आली, म्हणजे आर्थिक वर्षच बदलले! शाळेच्या लेखापालांसाठी ही गोष्ट किती त्रासाची ठरली असती, हे हिशेब मिटवणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

या व्यवस्थेचा एक धोका मात्र आम्ही अनुभवला आहे. मॉकमधली उत्तरे आपणच लिहिलेली असतात, आणि बाहेरच्या सेवेचा एपीआय, म्हणजे तिच्याशी देवाणघेवाण करण्याची ठरलेली पद्धत, बदलला तरी ती बदलत नाहीत. तिसऱ्या महिन्यात एका सेवेने, नेहमी भरलेले येणारे एक क्षेत्र काही व्यवहारांत रिकामे पाठवायला सुरुवात केली. आमच्या सगळ्या चाचण्या हिरव्या होत्या आणि सँडबॉक्सवर अ‍ॅप कोसळत होते. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी मोजक्या विनंत्या खऱ्या सँडबॉक्सकडे जातात आणि त्यांच्या उत्तरांची रचना आमच्या जेसन फाइलींशी ताडली जाते. हा सोमवारचा शिरस्ता नसता, तर ही व्यवस्था वापरा असे मी कोणाला सांगितले नसते.

सध्या काम चालू आहे ते एसएमएसच्या मॉकवर. भारतात व्यावसायिक एसएमएसचा मजकूर डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर, नोंदवलेल्या नमुन्याशी जुळावा लागतो, नाहीतर तो पालकापर्यंत पोहोचत नाही. आणि एपीआयने विनंती स्वीकारली म्हणजे संदेश पोहोचला असे नसते. म्हणून नोंदवलेला प्रत्येक नमुना आम्ही रेगेक्सच्या, म्हणजे मजकुराचा साचा तपासणाऱ्या सूत्राच्या, रूपात वायरमॉकमध्ये लिहीत आहोत. सतरापैकी अकरा नमुने झाले आहेत, आणि त्या अकरांतच एका संदेशात ‘रु.’ नंतरची एक जागा जास्त असल्याचे सापडले.