9 ते 12 वर्षं: मॉन्टेसरीतच ठेवायचं की नेहमीच्या शाळेत घालायचं?

मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की मॉन्टेसरीतल्या बहुतेक पालकांपुढे हा प्रश्न येतोच, की आता पुरे झालं, नेहमीच्या शाळेत घालू म्हणजे परीक्षांची सवय होईल, का अजून तीन वर्षं इथेच राहू दे, म्हणजे अप्पर एलिमेंटरीत, 9 ते 12 च्या वर्गात. आमच्या घरात दोन्ही झालंय. मोठा लोअर एलिमेंटरी, म्हणजे 6 ते 9 चा वर्ग, संपवून नेहमीच्या शाळेत गेला, धाकटी तिथेच राहिली आणि आता तिचं अप्परचं शेवटचं वर्ष चालू आहे. दोघांचे स्वभाव वेगळे आहेत त्यामुळे हे काही मोजूनमापून काढलेलं नाही, पण रोज डोळ्यांसमोर बघितलेलं आहे. बेंच नसतात, मार्क नसतात, तीन वयांची मुलं एकत्र बसतात, हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, त्यामुळे ते परत सांगत बसत नाही.

आधी एक सांगतो, कारण यावरूनच बरेच पालक बिचकतात. 3 ते 6 च्या वर्गातली ती शांतता, प्रत्येक जण आपापल्या चटईवर, ते चित्र डोक्यात ठेवून अप्परचा वर्ग बघायला गेलात तर धक्का बसेल. इथे आवाज असतो. मुलं घोळक्याने काम करतात, वाद घालतात, "हे फेअर नाही" हे वाक्य दिवसातून कितीतरी वेळा ऐकू येतं. ही पद्धत सुरू करणाऱ्या मारिया मॉन्टेसरींनी 6 ते 12 हा विकासाचा वेगळा टप्पाच मानलाय, या वयात मुलांना हात लावून बघण्यापेक्षा 'का' विचारायचं असतं, न्याय-अन्याय ठरवायचा असतो, आणि सोबत हवी असते. हाताळून शिकायचं साहित्यही हळूहळू कमी दिसायला लागतं, कारण मुलं स्वतःच ते बाजूला ठेवून कागदावर यायला लागतात. फळीवरचं साहित्य कमी वापरलं जातंय म्हणजे शाळा ढिली पडली असं नाही, उलट तेच व्हायला हवं असतं.

आता माझं पारडं मॉन्टेसरीकडे कशामुळे झुकलं ते. गोष्ट तशी छोटी आहे, पण रोजची. मोठ्याच्या शाळेत तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. त्यात हजेरी, आधीच्या तासाचं फळ्यावरचं पुसणं, वह्या काढणं, मग शिकवणं, आणि उतरवून घ्यायला लागतात तोवर घंटा. मग "राहिलेलं घरून पूर्ण करून आणा." एखाद दिवशी ठीक आहे हो, पण हे रोज, आणि एका विषयाचं नाही, चार विषयांचं. दप्तरातून वही निघायची त्यात लाल पेनाने शेरा, 'वही अपूर्ण'. ज्वालामुखीचं चित्र तो वर्गात अगदी मन लावून काढत होता, लाव्हाचे थर वेगवेगळ्या रंगात, तेवढ्यात घंटा झाली आणि भाषेचा तास सुरू, घरी आल्यावर तेच चित्र काढायची त्याला जराही इच्छा राहिली नव्हती, कसंतरी रंगवून टाकलं. आणि संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रांग लागलेली असायची, "विज्ञानाच्या वहीचा फोटो टाकता का कोणी प्लीज". मग फोटो झूम करून तो बघून बघून उतरवणार आणि आम्ही शेजारी बसून घाई करणार. यात तो शिकतोय काय हे मला कधीच कळलं नाही. शिक्षकांना दोष देत नाही, एवढ्या मुलांत आणि एवढ्या तुकड्यातुकड्यांच्या वेळात तेही दुसरं काय करणार.

मॉन्टेसरीत सकाळचे साधारण तीन तास सलग असतात, कुणी घंटा वाजवत नाही. ताई, म्हणजे वर्गाच्या शिक्षिका, मधूनमधून चार-पाच जणांना बोलावून नवा धडा दाखवतात, पण सगळा वर्ग एकदम थांबवत नाहीत. काम अर्धं राहिलं तर चटईवर नावाची पट्टी ठेवून मूल जेवायला जातं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. धाकटीच्या वर्गात एकदा पूर्ण सकाळ बसायला मिळालं तेव्हा ती अपूर्णांकांचा भागाकार करत होती. लाकडी प्यादी असतात, एक अख्खं, बाकीची दोन, तीन, चार सारख्या भागांत चिरलेली. गणित होतं पाऊण भागिले अर्धा. तिने वर्तुळाचे तीन पाव तुकडे अर्ध्या प्याद्यापुढे ठेवले. भागाकार म्हणजे एका अख्ख्याच्या वाट्याला किती येतं, हा नियम. मग अर्ध्याला पाऊण मिळालं तर उरलेल्या अर्ध्यालाही पाऊण मिळायला हवं, म्हणून आणखी तीन पाव मांडले, सगळे एकत्र जुळवले आणि म्हणाली दीड. भागूनही उत्तर मोठं का येतं हे तिला समोर दिसत होतं. मग अशी बरीच गणितं करून झाल्यावर ती आणि तिची मैत्रीण भांडत भांडत त्या 'उलटा करून गुणा' नियमापर्यंत आपल्या आपण पोचल्या. हे पस्तीस मिनिटांत होणार नाही.

मोठा हेच गणित तिच्यापेक्षा लवकर सोडवतो, हेही सांगायला हवं. नियम पाठ आहे, हात बसलाय. वेगात आणि लेखी सरावात नेहमीची शाळा पुढे आहे असं मला तरी दिसतं. आणखी एक, मूल अभ्यासात कुठे आहे हे तिथे लगेच कळतं. मॉन्टेसरीत मूल रोज कामाची डायरी लिहितं आणि ताई ठरावीक दिवसांनी त्याच्यासोबत बसून ती बघतात, काय झालं, काय टाळलं जातंय, पण पालकांच्या हातात आकडा पडत नाही. ज्यांना तो आकडा नसला की झोप लागत नाही त्यांना हे जड जाईल, आणि त्यात काही चूक नाही. शिवाय मूल नावडता विषय टाळू शकतं, धाकटीने शुद्धलेखन बरेच महिने टाळलं होतं, आणि ते ताईंच्या लक्षात आलं म्हणून बरं. म्हणजे सगळी मदार ताईंवर. नेहमीच्या शाळेत एखादा शिक्षक नाही जमला तर दुसरा तास वेगळ्या शिक्षकाचा असतो, इथे तीन वर्षं तीच माणसं. समवयस्क मुलंही मोजकी, बारा वर्षांच्या मुलाला खेळायला मोठी टीम हवी असेल तर इथे ती सहसा होत नाही.

अभ्यासात मागे पडेल का, ही सगळ्यांचीच भीती. 2006 मध्ये सायन्स या नियतकालिकात अमेरिकेतल्या मिलवॉकीचा एक अभ्यास आला होता. तिथे मॉन्टेसरी शाळेत प्रवेश लॉटरीने होत असे, त्यामुळे लॉटरीत नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं यांची तुलना करता आली. 12 वर्षांच्या मुलांत शुद्धलेखन-विरामचिन्हांत फारसा फरक नव्हता, पण मॉन्टेसरीतल्या मुलांचे निबंध जास्त कल्पक होते, वाक्यरचना जास्त सफाईदार होती. एकाच शाळेवरचा अभ्यास आहे, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला बांधू नये, पण माझ्या दोघांकडे बघून मला ते पटतं.

विश्वाची सुरुवात, सजीव, माणूस, लिपी, अंक या पाच मोठ्या गोष्टी आणि त्यातून सगळे विषय एकमेकांना जोडायचे, हा 6 ते 12 चा गाभा. मॉन्टेसरी 1939 मध्ये भारतात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धामुळे इथेच अडकल्या, त्या काळात कोडाईकनालला त्यांनी आणि मुलगा मारिओने यावर बरंच काम केलं. याचा रोजच्या जगण्यातला फायदा म्हणाल तर, धाकटी अंकांच्या इतिहासातून शून्यावर आणि तिथून व्यापारी मार्गांवर कधी पोचते कळतच नाही. तीन-चार जणांनी मिळून एखाद्या ठिकाणी माहिती काढायला जायचं असेल तर फोनही तीच मुलं करतात, वेळही तीच ठरवतात, मोठं माणूस फक्त सोबतीला. सगळ्या वर्गाची सहल वेगळी आणि हे वेगळं.

तर कोणी काय करावं? मुलाला स्पर्धेत मजा येत असेल, समोर टाइमटेबल असलं की ते नीट चालत असेल, किंवा वर्षभरात शाळा बदलायचीच असेल, तर आत्ताच नेहमीच्या शाळेत घालायला हरकत नाही, मोठा तिथे छान रमलाय. मूल एखाद्या कामात शिरलं की दोन-दोन तास बाहेर येत नसेल तर मी तरी त्याला या तीन वर्षांत मॉन्टेसरीतून उचलणार नाही. आणि नेहमीच्या शाळेतून थेट नवव्या-दहाव्या वर्षी मॉन्टेसरीत आणायचं म्हणत असाल तर आधी शाळेशी मोकळेपणाने बोला, पायाचं साहित्य न हाताळलेल्या मुलाला या वयात घ्यायला बऱ्याच शाळा कचरतात.

फक्त मॉन्टेसरी या नावावर जाऊ नका, ते नाव कोणीही लावू शकतं. एएमआय (असोसिएशन मॉन्टेसरी इंटरनॅशनल) किंवा एएमएस (अमेरिकन मॉन्टेसरी सोसायटी) या संस्थांचं ट्रेनिंग आहे का विचारा, आणि तेही 6 ते 12 किंवा 9 ते 12 चं आहे का, कारण 3 ते 6 चं ट्रेनिंग घेतलेल्या ताईंनाच वरच्या वर्गावर टाकलेलं असं बऱ्याच ठिकाणी चालतं. बघायला जाल तेव्हा अर्ध्या तासावर समाधान मानू नका, पूर्ण सकाळ मागून घ्या. साधारण दीड तासानंतर वर्ग एकदम अस्वस्थ होतो, मुलं उठतात, पेन्सिली तासतात, गप्पा मारतात. याला फॉल्स फटीग, म्हणजे खोटा थकवा, म्हणतात, त्यानंतरच बहुतेक मुलं दिवसातलं सगळ्यात अवघड काम हातात घेतात. नेमकं त्याच वेळी दारात उभं राहून बघितलंत तर वाटेल इथे काही शिस्तच नाही. त्यामुळे थांबा, पुढचा तासभर बघा, आणि शाळा पूर्ण सकाळ बसूच देत नसेल तर दुसरी शाळा बघितलेली बरी.