घरी केलेलं बॉक्सएन डब्याचं मॉडेल: पुठ्ठा, सनबोर्ड की स्टायरीन, नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

दिवाळीत सुरू केलं होतं, आता श्रावण लागून राह्यला, म्हणजे थंडी, मे महिना आणि पाऊस तिन्ही या डब्यांवरून गेले, म्हणून आता लिहितो.

आमचं गाव वणीजवळ. फाटक लागलं की कोळशाच्या गाडीचे डबे मोजायचे ही लहानपणापासूनची सवय, ५८-५९ भरतात. तोच बॉक्सएन, म्हणजे कोळशाचा वरून उघडा डबा, मला एचओ या मॉडेल रेल्वेच्या स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या १:८७ ला पाहिजे होता. खरा डबा कपलरपासून (डबे जोडायचा आकडा) कपलरपर्यंत १०.७१३ मीटर, भागिले ८७ म्हणजे १२३ मिमी. चाक १ मीटरचं, ते साडेअकरा मिमी. आपल्या १६७६ मिमी ब्रॉडगेजला खरं तर १९.३ मिमीचे रूळ पाहिजे पण एचओचे रूळ १६.५ चेच मिळतात, ती तडजोड केली. चाकं, बोगी (डब्याखालचा चाकं धरणारा सांगाडा) आणि कपलर विकतच घ्या, तिथं पैसे वाचवू नका, बाकी सगळं घरी होतं.

पहिला डबा लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचा. गुळगुळीत, कडक, आणि पत्रिकांची थप्पी घरोघरी असतेच. उन्हाळा निघाला, पण मृगाचा पाऊस लागला आणि आठ दिवसांत खालची कड फुगून पापुद्रे सुटले. मग दुसरा करताना कापायच्या आधीच दोन्ही बाजूंनी चपड्याचे दोन हात दिले, सुतार स्पिरिटमध्ये विरघळवतात तोच चपडा. तो अजूनही सरळ आहे.

सनबोर्ड, म्हणजे बोर्ड-पाट्यांसाठी वापरतात ती फोमसारखी हलकी प्लास्टिक शीट, फ्लेक्सवाल्याकडे तुकड्यात मिळतो, कापायला एकदम सोपा, पण डब्यासाठी घेऊ नका. ३ मिमीची भिंत म्हणजे खऱ्या डब्याला २६ सेंटिमीटर जाड पत्रा झाला ना! बॉक्सएन वरून उघडा, त्यामुळे ती जाड कड आणि तिची छिद्रं सगळी डोळ्यांसमोर येतात. वरून मे महिन्यात टिनाच्या खोलीत खिडकीशी ठेवला होता तर लांब बाजूला बाक आला. प्लॅटफॉर्म, फाटकावरची खोली असं करायला मात्र चांगला आहे.

स्टायरीनची, म्हणजे पातळ कडक प्लास्टिकची, शीट ऑनलाइन मागवावी लागते, महाग पडते, पण माझं मत आता पक्कं आहे, अंगासाठी १ मिमी आणि बाहेरच्या उभ्या पट्ट्यांसाठी अर्धा मिमी घ्या. आरपार कापायचं नाही, स्टीलच्या पट्टीला धरून कटरने दोनदा हलकी रेघ मारायची आणि वाकवलं की टक् करून तुटते, कड काचेसारखी साफ. दोन तुकडे जुळवून धरायचे आणि सांध्यावर बारीक ब्रशने सोल्व्हंटचा थेंब टेकवायचा, तो स्वतःच फटीतून धावत जातो आणि प्लास्टिक विरघळवून एकजीव करतो. खिडकी उघडी ठेवून करा, वास डोक्यात जातो. झटपट चिकटणारा गोंद पावसाळ्यात वापरला तर सांध्याभोवती पांढरी बुरशी आल्यासारखं दिसते, तो टाळा.

पण स्टायरीननेही एकदा रडवलं. वजनासाठी तळ दुहेरी केला, मध्ये नट-वायसर भरले आणि चारही बाजूंनी बंद केला. तीन महिन्यांनी तळ वाकला, एक चाक रुळावरून उचललं आणि गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या सांध्यावर डबा दर वेळी उतरायला लागला. आत कोंडलेला सोल्व्हंट निघायला जागाच नव्हती, तो हळूहळू प्लास्टिक मऊ करत राह्यला. आता बंद खण केला की खालून दोन मिमीची चार भोकं पाडतो, वाकण्याचं नाव नाही.

वजन किती, तर अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचा नियम आहे, १ औंस अधिक डब्याच्या दर इंचाला अर्धा औंस. आपला डबा ४.८ इंच, म्हणजे ९७ ग्रॅमच्या आसपास. सोनाराच्या काट्यावर मोजून घेतलं.

रंगाला हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड शोभतो, पण आधी तुकड्यावर लावून पाहा. एनसी थिनरने माझी एक बाजू चिघळली, टर्पेंटाइनने काही झालं नाही.

रंग वाळल्यावर बाबांनी डबा हातात घेतला, उलटा करून पाह्यला, म्हणाले, "हा तं खराच दिसून राह्यला बे, याच्यात कोयसा भर." मग लोहाराकडून मूठभर कोळसा आणला, खलबत्त्यात कुटला, चहाच्या गाळणीतून चाळला आणि पाणी घातलेल्या फेविकॉलने बसवला. आता शकुंतलेचा, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूरच्या जुन्या छोट्या गाडीचा, कापसाचा डबा करायला घेतलाय, तिचा गेज ७६२ मिमी, भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ, त्याला एन स्केलचे ९ मिमीचे रूळ जवळजवळ बरोबर बसतात.