सेव्हन-झिप की विनरार?

दारव्हा तालुक्यातील एका सेवा केंद्राच्या चालकाने, सातबारा आणि पीक विम्याच्या कागदपत्रांच्या फाइली आवळून ठेवण्यासाठी यांपैकी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे विचारले आहे.

सेव्हन-झिप व्यावसायिक वापरासाठीही मोफत आहे. विनरारच्या ४० दिवसांच्या चाचणीनंतर परवाना विकत घ्यावा लागतो. मजकुराच्या फाइली सेव्हन-झिप बहुधा अधिक लहान करते, परंतु स्कॅन केलेली जेपीजी चित्रे मुळातच आवळलेली असल्याने दोहोंपैकी कशानेही फारशी घटत नाहीत. पासवर्डचे संरक्षण दोहोंत एईएस-२५६ या भक्कम सांकेतिकीकरण पद्धतीने देता येते.

खरा फरक टिकाऊपणात आहे. विनरारमध्ये फाइल बनवतानाच ‘रिकव्हरी रेकॉर्ड’, म्हणजे दुरुस्तीसाठीची जादा माहिती, जोडता येतो आणि पेनड्राइव्हवर तिचा थोडा भाग बिघडला, तरी ती पुष्कळदा दुरुस्त होते. सेव्हन-झिपमध्ये ही सोय नाही. माझ्या मते, शेतकऱ्यांची कागदपत्रे वर्षानुवर्षे जपणाऱ्याने या सोयीसाठी पैसे मोजणे योग्य ठरेल, मात्र दुसरी प्रत ठेवावीच.

रोजच्या देवाणघेवाणीला सेव्हन-झिप पुरेसे आहे, कारण ते विनरारने बनवलेली, आरएआर स्वरूपात आलेली फाइलही उघडते. तालुक्याला पाठवायची फाइल मात्र, वेगळ्या सॉफ्टवेअरविना उघडता येणाऱ्या झिप स्वरूपातच बनवावी.