गुळव्याची बोटं, बत्तीस पानांत

गुऱ्हाळावरचं चित्रपुस्तक म्हटलं की उसाचं शेत, हसरे आजोबा आणि शेवटी नातवंडाच्या हातात गुळाचा खडा, एवढ्यावर बहुतेकदा भागतं. या बत्तीस पानांचं तसं नाही. आजोबा गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारे, नात सात-आठ वर्षांची, आणि सगळं पुस्तक एकाच प्रश्नाभोवती फिरतं: काहील, म्हणजे रस उकळायचं मोठं पसरट भांडं, कधी उतरवायची हे आजोबांना कळतं कसं?

चौदाव्या पानापासून तीन जोडपानं नुसत्या हातांची आहेत. आजोबा बोटं गार पाण्यात बुडवतात, पाकाचा थेंब पाण्याच्या वाटीत सोडतात. पहिल्यांदा तो पाण्यात पसरून धुरकट होतो. दुसऱ्यांदा मऊ लोळा होऊन बोटांना चिकटतो. तिसऱ्यांदा गोळी वळली जाते आणि वाटीच्या कडेवर टणकन वाजते. वाचता न येणारं पोरसुद्धा चित्रांवरून हा क्रम सांगू शकतं. पिढ्यान् पिढ्या तोंडी शिकवूनही जे नीट सांगता येत नाही, ते इथं डोळ्यांना दिसतं. पुस्तक घ्यावं ते या सहा पानांसाठी.

बाबा थर्मामीटर आणतात तो प्रसंगही समंजस आहे. काटा ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, आजोबांची गोळीही तेव्हाच वळते. कुणाला खोटं पाडलेलं नाही. फक्त मग बोटं लागतातच कशाला, हे पुस्तक सांगत नाही. चोपण, म्हणजे खारवट जमिनीतला ऊस, तोडून दोन दिवस पडलेला ऊस, जून झालेला ऊस, प्रत्येकाचा रस वेगळा. एकाच अंशावर एकाची ढेप धरते, दुसऱ्याची पाझरते. पाक लवकर उतरवला तर गूळ मऊ राहून पावसाळ्यात पाणी सोडतो, उशीर झाला तर काळा पडून करपट लागतो. एवढी दोन वाक्यं आजोबांच्या तोंडी घातली असती तर गोष्टीला आणखी बळ आलं असतं.

मोठी चूक मळीची, म्हणजे उकळताना रसातून निघणाऱ्या गाळाची. चित्रात काहिलीतला रस पहिल्यापासून सोनेरी. खरा कच्चा रस हिरवट-करडा, गढूळ असतो. भेंडीची झाडं ठेचून पाण्यात कुस्करली की बुळबुळीत चीक सुटतो. तो रसात घातला की मळी वर येते आणि झाऱ्यानं काढता येते. घरातल्या बायाबापड्यांनी जपलेलं हे ज्ञान गोळीइतकंच मोलाचं, आणि ते पुस्तकात नाहीच. त्यातच शेवटच्या पानावरची ढेप लिंबासारखी पिवळीधमक रंगवली आहे. असा पिवळेपणा बहुधा हायड्रोस पावडरीचा, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनाचा असतो. बिनपावडरीचा गूळ तांबूस-तपकिरी दिसतो. पुढच्या आवृत्तीत हा रंग बदलायलाच हवा, नाहीतर मुलं बाजारात नेमका चुकीचा गूळ चांगला समजतील.

भाषा मात्र अस्सल. आजोबांचं 'व्हय', 'न्हाई' प्रमाण मराठीत घासून काढलेलं नाही. चुलवाण (काहिलीखालची भट्टी), चिपाड (रस काढून उरलेला ऊस), वाफा (पाक ओतून निववायची जागा) हे शब्द चित्रात जिथल्या तिथं येतात, त्यामुळं शब्दार्थांची यादी लागत नाही. दोन ठिकाणी 'काहील'ऐवजी 'कढई' राहून गेलंय. मागच्या माहितीपानावर शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली कोल्हापुरातली शाहूपुरीची पेठ आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन थोडक्यात आहे, तेवढं पुरे.

छपाईत एक खोट: काहिलीचं जोडपान बरोबर शिवणीत दुमडतं आणि आजोबांचा चेहरा घडीत जातो. वर्गात वाचताना पुस्तक सपाट दाबून धरावं लागतं. कागद चकचकीत असल्यानं ट्यूबलाइटखाली बसलेल्या मागच्या रांगेला नुसता उजेड दिसतो.

वयोगट पाच ते नऊ. वाचून झाल्यावर घरी चिक्कीसाठी गुळाचा पाक करणार असाल तर मोठ्यांनी पळीनं दोन-दोन मिनिटांनी एक थेंब गार पाण्याच्या वाटीत सोडावा आणि निवलेला थेंब मुलांच्या हातात द्यावा. पसरला, चिकटला, वळला, हे पुस्तकातले तिन्ही थांबे ओळीनं येतात. चिक्कीला त्यापुढचा चौथा लागतो: गोळी दातांखाली कटकन तुटली पाहिजे.