डबल निशिगंधाचे कंद : रूप पंधरा आणे, वास एक आणा

निशिगंधाचे डबल कंद ऑनलाइन मागवले, त्याला वर्ष उलटलं. पहिल्या बहरानंतर रागाच्या भरात एकच तारा दिला होता, आता दोन वाढवतेय. चौथा मात्र काही केल्या देणार नाही. कारण वास.

पाकिटावर ठळक अक्षरांत ‘अति सुगंधित’ आणि खाली फोटो डबलचा. तिथेच पाणी मुरतंय. डबलला पाकळ्यांचे थरावर थर, कळीच्या टोकाला गुलाबी झाक, दांडाही देखणा. पण घमघमाट एकेरी पाकळ्यांच्या सिंगलचा. हारवाले आणि अत्तरवाले त्याच्याच मागे असतात. इथं बडोद्याच्या खंडेराव मार्केटातल्या फूलवाल्यानं फुकटात सांगितलं, ‘बेन, सुगंध जोईए तो सिंगल ज लेवाय.’ विकणाऱ्याच्या कस्टमर केअरला मात्र हे ठाऊक नव्हतं. ‘मॅडम, रोप जिवंत आहे ना? मग तक्रार बसत नाही.’ शिवाय परतीची मुदत सात दिवस. अहो, कंद लावल्यावर फूल यायला तीन महिने लागतात! सात दिवसांत काय कंद हुंगून तक्रार करायची? साडेतीनशे रुपये मोजलेत मी. सासूबाईंनी पहिला दांडा नाकाशी धरला आणि म्हणाल्या, ‘अगं, हा कागदाचा आहे का?’

पावसाळ्यात आणखी वैताग. दांडा भरगच्च, पण वरच्या कळ्या न उमलताच तपकिरी पडून गळायच्या. तेव्हाच तो एक तारा दिला गेला.

ऑक्टोबरात ऊन तापलं आणि त्याच कुंडीनं तोंड बंद केलं माझं. खालच्या जोडीपासून एकेक जोडी वर उमलत गेली. रात्री जेवणं आटोपल्यावर एका फुलाच्या पाकळ्या बोटानं फाकवून पाहिल्या, तर अगदी आत, देठाजवळ, मंद वास होता. नाक खुपसावं लागतं, पण होता. फुलदाणीत दांड्याचं टोक रोज तिरकं छाटून पाणी बदललं की आठवडा आरामात निघतो. एक तारा त्याचा.

दुसरा पिल्लांचा. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, हे पाकिटावर कुणी छापत नाही. लोकांना वाटतं रोप गेलं, की पुन्हा मागवा! खरं तर बुडाशी पिल्लं धरलेली असतात. थंडीत पाणी तोडलं, पानं वाळू दिली, मग कुंडी पालथी केली. दोन सेंटीमीटरहून जाड पिल्लं वेगळी काढून मार्चमध्ये दोन इंच खोल लावली, बारकी दुसऱ्या कुंडीत. ती यंदा फुलायची नाहीत. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाणी तुंबून कंद कुजतो, म्हणून माती निम्मीच घ्या, बाकी वाळू आणि शेणखत. ऊन दिवसभर हवं, नाहीतर नुसती पानं माजतात.

वासच हवा असेल तर सिंगलमधला ‘प्रज्वल’ मागा, बेंगळुरूच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेनं काढलेला. मी यंदा सिंगलचे कंद त्या फूलवाल्याकरवी शेतकऱ्याकडून मागवले. वजनावर मिळाले, ऑनलाइनपेक्षा कितीतरी स्वस्त.

डबलची पिल्लं मात्र आता गच्चीत मावेनात. दांडिया बाजारच्या आसपास कुणी असेल तर खुशाल न्या, पैसे नकोत. कुंडी आणि माती तेवढी आपली आणा.