गरोदरपणातल्या गोळ्या, नऊ महिन्यांच्या वापरानंतर: तक्रार एकाच आकड्याबद्दल

दोन तारे कापले आहेत ते गोळ्यांसाठी नाही, पाकिटाच्या दर्शनी बाजूला ठळक छापलेल्या आकड्यासाठी.

झालं असं की नेहमीची लोहाची गोळी मिळेना म्हणून बदली पाकीट आलं. जुन्यावर "२०० मिग्रॅ", नव्यावर "३०० मिग्रॅ". कुणालाही वाटेल ताकद दीडपट झाली. प्रत्यक्षात ती निम्म्याच्या आसपास आली होती. जुनी गोळी सुकवलेल्या फेरस सल्फेटची, तिच्यात निव्वळ लोह ६५ मिग्रॅ. नवी फेरस ग्लुकोनेटची, तिच्यात ३५. मोठा आकडा लोहाचा नव्हताच, लोह ज्या क्षारात बांधलेलं असतं त्या अख्ख्या क्षाराचा होता. कंपनीच्या ग्राहक सेवेचं उत्तर: छापलेलं प्रमाण बरोबर आहे. बरोबर आहेच की! धान्याचं वजन विचारल्यावर पोत्यासकट सांगितलं तर तेही बरोबरच असतं.

हिशेब एकदा लक्षात ठेवला की पुरतो. फेरस फ्युमरेटमध्ये लोह साधारण ३३ टक्के, पाणी धरून असलेल्या फेरस सल्फेटमध्ये २० टक्के, ग्लुकोनेटमध्ये १२ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत गरोदरपणात रोज ३० ते ६० मिग्रॅ लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असं आहे, आणि तिथे "लोह" म्हणजे निव्वळ लोह. त्यातले ६० मिग्रॅ मिळवायला फ्युमरेट १८० मिग्रॅ लागतं, पाण्यासकटचं सल्फेट ३०० आणि ग्लुकोनेट ५००. सल्फेटचा घोळ वेगळाच: सुकवलेलं २०० मिग्रॅ आणि पाण्यासकटचं ३२५ मिग्रॅ, दोन्हीत लोह तेच ६५. म्हणजे नुसतं "फेरस सल्फेट" वाचून भागत नाही. मागच्या बाजूला, बॅच नंबरच्या आसपास, बारीक अक्षरात "एलिमेंटल आयर्न" किंवा "समतुल्य लोह" अशी ओळ असते. ती ओळ सापडेना तर ते पाकीट परत करावं, या मतावर मी ठाम आहे.

त्याच बारीक मजकुरात आणखी एक शब्द शोधायचा: प्रमाण "प्रति गोळी" आहे की "प्रति मात्रा". मात्रा दोन गोळ्यांची असेल आणि तुम्ही एकच घेत असाल तर सगळंच निम्मं. आणि साठ गोळ्यांची बाटली दोन महिन्यांची समजून घेतलेली असते, ती महिन्यात संपते. स्वस्त-महाग ठरवायचं तर गोळ्यांची संख्या गुणिले प्रत्येक गोळीतलं निव्वळ लोह, आणि त्या एकूण लोहाने पाकिटाच्या किमतीला भागायचं, एवढा साधा भागाकार करावा. "पोटाला सौम्य" म्हणून चढ्या भावात विकलेल्या बऱ्याच गोळ्या या भागाकारात उघड्या पडतात. त्या सौम्य असतात, कारण त्यांच्यात लोहच कमी असतं.

इथे मात्र मत बदलावं लागलं. आधीचा शेरा असा होता की कमी लोह म्हणजे फसवणूक. पण मळमळ, पोटात गोळा येणं, बद्धकोष्ठ हे बहुतेक वेळा कंपनीवर नाही, तर एका वेळी पोटात गेलेल्या निव्वळ लोहावर ठरतं. ६५ वरून ३५ वर आल्यावर जो आराम पडला तो नव्या कंपनीच्या "तंत्रज्ञाना"चा नव्हे, कमी झालेल्या तीस मिलिग्रॅमचा. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) ठीक असेल तर ३० च्या आसपासचं लोह पुष्कळ असतं. रक्त कमी असेल तेव्हा मात्र हा आराम महागात पडतो, तिथे मात्रा डॉक्टरच ठरवणार. तेव्हा कमी आकड्याबद्दल तक्रार नाही. तो लपवण्याबद्दल आहे.

रक्ताच्या रिपोर्टबद्दलही तसंच. मधल्या तिमाहीत हिमोग्लोबिन थोडं उतरलं की "गोळी लागू पडत नाही" असा शिक्का मारला जातो. गरोदरपणात रक्तातला पातळ भाग लाल पेशींपेक्षा जास्त वेगाने वाढतो, म्हणून आकडा आपोआप उतरतो. म्हणूनच रक्तक्षयाची सीमारेषा पहिल्या आणि तिसऱ्या तिमाहीत ११ ग्रॅम आहे, दुसऱ्या तिमाहीत १०.५. खरा रक्तक्षय असेल आणि गोळी नीट घेतली जात असेल तर दोन ते चार आठवड्यांत साधारण एक ग्रॅमची चढ दिसायला हवी. दिसत नसेल तर आधी घेण्याची वेळ तपासायची, मग गोळी. आणि फेरिटिन भरपूर असूनही हिमोग्लोबिन कमीच राहत असेल तर थॅलेसेमियाच्या (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराच्या) वाहकपणाची तपासणी व्हायला हवी, तिथे लोह वाढवून काही साधत नाही.

वेळेबद्दल थोडं सविस्तर, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. लोह रिकाम्या पोटी सगळ्यात चांगलं शोषलं जातं: जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास. सोबत पाणी. चहा-कॉफी तासभर लांब. पोट अजिबात ऐकत नसेल तर दोन घास खाऊन घ्यावी. थोडं शोषण जातं, पण उलटीत गेलेल्या गोळीपेक्षा ते परवडलं. रात्री झोपताना घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते. आम्लपित्ताच्या गोळ्या लोहाचं शोषण कमी करतात, आणि या दिवसांत त्या हाताशी असतातच. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन चालू असेल तर तिच्यात आणि लोह किंवा कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर हवं. शौचाचा रंग काळपट होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची झाली तर दाखवावं. पातळ औषध असेल तर सोबतच्या मापानेच मोजावं आणि स्ट्रॉने प्यावं, नाहीतर दात काळवंडतात. "आतड्यात उशिरा विरघळणारी" असा गुणगौरव असलेली लोहाची गोळी टाळलेली बरी. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. गोळी त्याच्या पुढे जाऊन उघडली तर पोट शांत राहतं खरं, पण लोहही तसंच बाहेर जातं.

आता "एकाच गोळीत सगळं" हा प्रकार. कॅल्शियम लोहाच्या वाटेत येतं, म्हणून दोन्ही काही तासांच्या अंतराने घ्यायचं असतं. तरी एकत्र गोळीवर दोघांची नावं शेजारीशेजारी. इथेही मोठ्या आकड्याचीच चलाखी. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कॅल्शियम ४० टक्के, सायट्रेटमध्ये २१ टक्के. म्हणजे ५०० मिग्रॅ कॅल्शियमसाठी सव्वा ग्रॅम कार्बोनेट लागतं, आणि एवढ्यानेच गोळी घशात अडकण्याइतकी होते. मग एकत्र गोळीत शे-दीडशे मिग्रॅ टाकून नाव लावतात. कामाला पुरत नाही, लोहाला मात्र नडतं. जिथे आहारात कॅल्शियम कमी पडतं तिथे रक्तदाबाच्या गुंतागुंतीपासून बचाव म्हणून जागतिक आरोग्य संघटना दिवसाला १.५ ते २ ग्रॅम कॅल्शियम सुचवते, तेही तीन भागांत. ते एका गोळीत मावणारच नाही. वेगळं घ्यावं: कार्बोनेट जेवणासोबत, सायट्रेट केव्हाही, एका वेळी ५०० मिग्रॅच्या फार पुढे जाऊ नये. गमी म्हणजे चघळायच्या गोळ्यांबद्दल एकच वाक्य: चव छान, आणि लोह बहुतेकींत शून्य.

फोलिक ॲसिडचा आकडा तर दोन पोशाखांत येतो. ०.४ मिग्रॅ आणि ४०० मायक्रोग्रॅम हे एकच, हे बऱ्याच जणींना माहीत असतं. पण काही लेबलांवर "६८० मायक्रोग्रॅम डीएफई" असतं. तेही तेच ४००, फक्त आहारातल्या फोलेटच्या मापात, १.७ ने गुणून. ६८० बघून "जास्त झालं" म्हणून गोळी अर्धी करण्याची गरज नाही. या गोळीत सगळ्यात महत्त्वाचं काय तर तारीख. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. पाळी चुकल्याचं कळून दोन आठवडे होतात न होतात तोवर ते काम उरकलेलं असतं. म्हणून सुरुवात किमान महिनाभर आधी, आणि पहिले बारा आठवडे खंड नाही. आधीच्या गरोदरपणात या नळीचा दोष आढळला असेल तर मात्रा दहापट, म्हणजे ४ मिग्रॅ. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९९१ मधल्या चाचणीत या मात्रेने दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. पण ती मात्रा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेगळ्या गोळीतूनच घ्यायची. एकत्र गोळ्या दहा खाऊन ४ मिग्रॅ जमवायचा विचारही नको, कारण सोबत अ जीवनसत्त्वही दहापट जातं.

आणि अ जीवनसत्त्वाचा आकडा खरोखर भिंग लावून वाचण्यासारखा आहे. रेटिनॉल किंवा रेटिनिल पामिटेट या रूपात ते दिवसाला १०,००० आययूच्या (आंतरराष्ट्रीय एककांच्या), म्हणजे ३,००० मायक्रोग्रॅमच्या, वर गेलं तर बाळात व्यंग येऊ शकतं. बीटा-कॅरोटीनच्या रूपात तसा धोका नाही. एकत्र गोळी आणि वर कॉड लिव्हर ऑइल अशी जोडी इथेच फसते. डी जीवनसत्त्व उलट सोपं: १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू, त्यामुळे "१०" आणि "४००" या दोन पाकिटांत काडीचा फरक नाही, भावात असला तर तो नावाचा. फक्त आठवड्याला एक घ्यायची जास्त ताकदीची कॅप्सूल रोजच्या डब्यात ठेवू नये.

डीएचएची (माशांच्या तेलातल्या एका ओमेगा-३ चरबीची) कॅप्सूल हा याच तक्रारीचा धाकटा भाऊ. समोर "१००० मिग्रॅ फिश ऑइल", मागे डीएचए १२०. रोज किमान २०० मिग्रॅ डीएचए हवं असेल तर अशा दोन लागतात, आणि "स्वस्त" बाटली स्वस्त राहत नाही. शेवाळापासून काढलेलं डीएचए मासे न खाणाऱ्यांना चालतं, आणि त्यावर बहुधा डीएचएचाच आकडा असतो, एवढ्याचसाठी त्याला अर्धा तारा जास्त. कॅप्सूल कापून वास घ्यावा. तेल खवट असेल तर ढेकरांचं कारण तेच. शाकाहारी असाल तर बी-१२ आहे ना ते बघावं, कारण नुसतं फोलिक ॲसिड भरपूर गेलं तर बी-१२ची कमतरता रक्ताच्या रिपोर्टमध्ये झाकली जाते. आयोडीन १५० मायक्रोग्रॅम, पोटॅशियम आयोडाइडच्या रूपात असलेलं बरं. समुद्री शेवाळाच्या गोळीत ते दर खेपेला वेगळं भरतं. थायरॉइडचा आजार असेल तर तेही विचारूनच. कोलीन हे पोषकद्रव्य बहुतेक एकत्र गोळ्यांत नावापुरतं असतं, मावतच नाही.

एक तारा परत देणार होतो, कारण बाकी गोळ्यांनी काम नीट केलं. पण घरात आधीचं लहान मूल असेल तर हा आकडा भलत्याच वेळी लागतो. लोहाच्या गोळ्या रंगीत, गोड थराच्या, चॉकलेटसारख्या दिसणाऱ्या. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे २० मिग्रॅ निव्वळ लोहापासून त्रास सुरू होऊ शकतो, ६० च्या वर जीवघेणा. १२ किलोच्या मुलाला ६५ मिग्रॅच्या चार गोळ्या पहिल्या रेषेपलीकडे नेतात, बारा दुसऱ्या. उलटी थांबून मूल खेळायला लागलं तरी दवाखान्यात न्यायचंच, मधले काही तास ते बरं वाटतं आणि मग कोसळतं. जाताना पाकीट सोबत घ्यायचं. तिथे पहिला प्रश्न गोळ्या किती गेल्या, दुसरा प्रत्येकीत निव्वळ लोह किती. आणि त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाकिटाच्या मागे, बॅच नंबरखाली, स्ट्रिप फाडताना सगळ्यात आधी निघून जाणाऱ्या कोपऱ्यावर छापलेलं असतं.