म्हैसमाळचा मुक्काम : मौज बाराही महिने, सोय मात्र पावसाळ्यापुरती

समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६७ मीटर उंचीवर, खुलताबादपासून १२ किलोमीटरवर असलेले म्हैसमाळ हे मराठवाड्यातील लोकांचे हक्काचे थंड हवेचे ठिकाण आहे. तरीही बहुतेक कुटुंबे जुलै-ऑगस्टमधील एखाद्या रविवारी तेथे जातात, धुक्यात फोटो काढतात, कणीस खातात आणि अंधार पडण्याआधी घाट उतरतात. पठारावरील एका खासगी रिसॉर्टमध्ये आम्ही पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यातही सहकुटुंब मुक्काम केला. त्यावरून माझे मत असे की हे ठिकाण वर्षभर राहण्याजोगे आहे आणि येथील खरी मौज सूर्यास्तानंतर सुरू होते. रिसॉर्ट चालवणाऱ्यांना मात्र तिची किंमत अजून उमगलेली नाही.

पावसाळ्याविषयी फार सांगण्याची गरज नाही. तळे भरलेले असते, गिरिजामातेच्या मंदिराकडे जाणारा रस्ता ढगात हरवतो आणि दूरदर्शनचा मनोरा अर्ध्यावरून दिसेनासा होतो. सांगावयाचे आहे ते वाहतुकीविषयी. श्रावणात वेरूळचे घृष्णेश्वर, खुलताबादचा भद्रा मारुती आणि म्हैसमाळ या तिन्ही ठिकाणांची गर्दी एकाच रस्त्यावर येते आणि दौलताबादच्या जुन्या दरवाजाच्या कमानीपाशी गाड्यांची रांग लागते. श्रावणातील शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनासाठी छत्रपती संभाजीनगरहून हजारो भाविक आदल्या रात्रीच पायी निघतात. टाळ, जयघोष आणि चहाच्या राहुट्यांनी तो रस्ता पहाटेपर्यंत जागा असतो. या भागातील सर्वांत मोठी आणि सर्वांत जुन्या वळणाची रात्रीची वर्दळ हीच आहे. ती पाहायची असेल तर मुद्दाम त्या रात्री यावे. शांत मुक्काम हवा असेल तर मधला वार निवडावा.

आमच्या मते मुक्कामाचा खरा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा आहे. पठारावरचे गवत पिवळे पडलेले असते, तळ्याचे पाणी काठापासून मागे सरलेले असते, पण हवा इतकी स्वच्छ असते की संध्याकाळी कड्यावर उभे राहिल्यास खालची शेते बांधासह दिसतात. याच दिवसांत पायथ्याच्या शेतांत हुरडा सुरू होतो. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसे तळहातावर चोळून दिली जातात. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ आणि रेवड्या. सकाळी हुरडा, दुपारी वेरूळ आणि रात्री पुन्हा डोंगरावर, असा बेत सहज जमतो. फक्त वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे. जेवणानंतर रिसॉर्टच्या फाटकाबाहेर थोडे चालत गेले की दिव्यांचा उजेड मागे पडतो. आग्नेयेला शहराचा फिकट प्रकाश सोडला तर आकाश काळेभोर असते. कृत्तिकांचा पुंजका आणि मृग नक्षत्रातील तीन ठळक तारे मुलांनी स्वतःच शोधून काढले. १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतील उल्कावर्षाव होतो. चंद्र आड आला नाही तर तो पाहण्यासाठी शहराच्या इतक्या जवळ यापेक्षा चांगली जागा मला तरी ठाऊक नाही.

उन्हाळ्यात येणाऱ्यांनी अपेक्षा थोडी आवरावी. शहर सुमारे ५६८ मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपण जेमतेम पाचशे मीटर वर येतो आणि उंचीच्या हिशेबाने तापमान साधारण तीन अंशांनी उतरते. मे महिन्यातील दुपार येथेही खोलीतच काढावी लागते. परंतु पाच वाजल्यानंतर जो वारा सुटतो, तो घरच्या कूलरपुढे बसून मिळत नाही. गच्चीवर अंथरूण टाकण्याची परवानगी मिळाली, ही त्या मुक्कामातील सर्वांत सुखाची गोष्ट होती.

आता रिसॉर्टविषयी. खोल्या स्वच्छ, चादरी धुतलेल्या आणि पिठले-भाकरी, ठेचा उत्तम. भाकरी मागू तशी गरम येते आणि वाढणारी माणसे अगत्याने विचारपूस करतात. मात्र स्वयंपाकघर साडेनऊला बंद होते, त्यानंतर चहासुद्धा मिळत नाही, आणि बाहेरच्या टपऱ्या तर सातलाच आवरलेल्या असतात. शेकोटीचे वेगळे पैसे आकारले जातात. लाकूड ओले निघाले तेव्हा ते बदलून मिळाले नाही. रात्रीची करमणूक म्हणजे मोठ्या आवाजातील डीजे, एवढीच व्यवस्थापनाची कल्पना आहे. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी असताना एका शनिवारी तो साडेअकरापर्यंत चालू होता. विनंती केली तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, "सर, पार्टीवाल्यांनी ॲडव्हान्स दिलाय, मी कसा बंद करू?" ॲडव्हान्स आम्हीही दिलेला होता. शिवाय त्या आवाजामुळे झोपेत दचकून उठणारी लहान मुले आणि वृद्ध माणसे फक्त आमचीच नव्हती. आजूबाजूच्या वस्तीलाही तो सोसावा लागतो.

या लोकांनी एखादी दुर्बीण आणून ठेवली, आकाश दाखवू शकणारा एखादा जाणकार तरुण नेमला, हिवाळ्यात गच्चीवर भजन, भारूड किंवा गझलेची बैठक ठेवली आणि अंगणातील प्रखर दिवे दहानंतर मंद केले, तर पैसे मोजून येणाऱ्या कुटुंबांची वाण पडणार नाही. तळ्याबाबतही तेच. आम्ही गेलो तेव्हा पाण्यात एकही नाव नव्हती. काठावर बसण्यासाठी दोन बाके आणि कचऱ्यासाठी एक डबा एवढे तरी असावे. फरसाणाच्या रिकाम्या पुड्या पाण्यावर तरंगताना पाहून वाईट वाटले.

पाचपैकी साडेतीन गुण देत आहे. त्यातील बहुतेक डोंगराचे आणि स्वयंपाकघराचे आहेत. जाणाऱ्यांनी आठवड्याच्या मधला वार घ्यावा, आरक्षण करतानाच त्या रात्री पार्टीचे बुकिंग आहे का ते स्पष्ट विचारावे, जानेवारीत स्वेटरसोबत कानटोपी ठेवावी आणि रात्री फिरण्यासाठी बॅटरी न्यावी. पेट्रोल शहरातच भरून घ्यावे.